बेरोजगारी ३.२ टक्के, ५.१ टक्के की २९ टक्के? एकाच देशाचे इतके वेगळे आकडे येतात कुठून?

'देशातली बेरोजगारी फक्त ३.२ टक्के.'

'बेरोजगारी ५.१ टक्क्यांवर.'

'पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९ टक्के.'

गेल्या काही वर्षांत ही तिन्ही वाक्यं तुम्ही कुठल्या ना कुठल्या ग्राफिकवर वाचली असतील. एका ग्रुपवर पहिलं फॉरवर्ड होतं, दुसऱ्या ग्रुपवर तिसरं. मग कमेंटमध्ये भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते सरकार आकडे लपवतंय, दुसरी म्हणते विरोधक खोटं पसरवतायत.

गंमत म्हणजे हे तिन्ही आकडे खरे आहेत. इतकंच नाही, तर तिन्हींचा मूळ आधार एकाच सरकारी सर्वेक्षणाची माहिती आहे. फरक आहे तो कुणाला मोजलं, किती दिवसांबद्दल विचारलं आणि 'काम' कशाला म्हटलं यात. हे सर्वेक्षण कसं होतं आणि त्याचे आकडे कसे वाचायचे, ते समजून घेऊया.

बेरोजगार कुणाला म्हणायचं?

रोजच्या बोलण्यात ज्याला नोकरी नाही तो बेरोजगार. सर्वेक्षणाची व्याख्या याहून बरीच कडक आहे. त्यात १५ वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येक माणसाला तीनपैकी एका गटात टाकलं जातं.

पहिला गट, काम करणारे. यात पगारी नोकरदार आहेत, रोजंदारी मजूर आहेत, शेतकरी आहेत, चहाची टपरी चालवणारे आहेत. घरच्या शेतात किंवा दुकानात पगार न घेता राबणारी माणसंही यातच येतात.

दुसरा गट, काम नसलेले, पण काम शोधत असलेले किंवा मिळालं तर करायला तयार असलेले. फक्त यांनाच 'बेरोजगार' म्हणतात.

तिसरा गट, काम करत नाहीत आणि कामासाठी उपलब्धही नाहीत. विद्यार्थी, फक्त घरकाम करणाऱ्या महिला, पेन्शनर, आजारपणामुळे किंवा वयामुळे काम न करू शकणारे. हे सगळे 'श्रमशक्तीच्या बाहेर' धरले जातात.

पहिला आणि दुसरा गट मिळून होते श्रमशक्ती. बेरोजगारी दर काढताना दुसऱ्या गटाला श्रमशक्तीने भागतात, संपूर्ण लोकसंख्येने नाही. सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाचे आकडे घेऊ. १५ वर्षांवरच्या दर १०० माणसांपैकी ६०.१ जण श्रमशक्तीत होते. त्यातले ५८.२ काम करत होते. उरले १.९. या १.९ ला ६०.१ ने भागलं की येतो ३.२ टक्के बेरोजगारी दर. आणि उरलेली जवळपास ४० माणसं? ती या आकड्यात कुठेच नाहीत.

आता एक काल्पनिक गाव घ्या. गावात १०० प्रौढ. ५० जण काम करतात, १० जण काम शोधतात. बेरोजगारी दर झाला १० भागिले ६०, म्हणजे १६.७ टक्के. पुढच्या वर्षी शोधणाऱ्यांपैकी ५ जण कंटाळले, 'आता काही होत नाही' म्हणून घरी बसले आणि कामासाठी उपलब्धही राहिले नाहीत. नवा दर ५ भागिले ५५, म्हणजे ९.१ टक्के. गावात एकही नवं काम निर्माण झालं नाही, तरी बेरोजगारी जवळपास निम्म्यावर आली.

म्हणून बेरोजगारी दर कधीच एकटा वाचायचा नसतो. त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे हवेत. एक, श्रमशक्ती सहभाग दर, म्हणजे दर १०० जणांपैकी किती जण काम करतायत किंवा शोधतायत. दोन, कामगार-लोकसंख्या गुणोत्तर, म्हणजे दर १०० जणांपैकी किती जण प्रत्यक्ष काम करतायत.

हे मोजतं कोण आणि कसं?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या अखत्यारीतलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय हे काम करतं. सर्वेक्षणाचं नाव आहे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण. बातम्यांमध्ये दिसतं ते 'पीएलएफएस' हेच. ते एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालं.

'आमच्याकडे तर कधी कुणी विचारायला आलं नाही!' ही कमेंट अशा प्रत्येक बातमीखाली असते. ती खरीच असते, कारण हे सर्वेक्षण आहे, जनगणना नाही. जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या रचनेत वर्षभरासाठी देशभरातून गावं आणि शहरी विभाग मिळून २२,६९२ ठिकाणं निवडली जातात. प्रत्येक ठिकाणी १२ कुटुंबं, म्हणजे एकूण २,७२,३०४ कुटुंबं. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २५ कोटी कुटुंबं होती. म्हणजे हजारात एखाद्याच घराचं दार वाजतं.

एवढ्याशा नमुन्यावरून देशाचा अंदाज कसा येतो? शितावरून भाताची परीक्षा करतात तसाच. अट एकच, शितं पातेल्याच्या सगळ्या भागांतून घेतलेली हवीत. म्हणून गाव आणि शहर वेगळं करून, नव्या रचनेत जिल्ह्यागणिक विभागणी करून आणि मग लॉटरीसारख्या पद्धतीने निवड होते. कुणालाही स्वतःहून नाव नोंदवता येत नाही. यूट्यूबवरचा पोल आणि हे सर्वेक्षण यांच्यातला मुख्य फरक हाच.

निवडलेल्या घरी कर्मचारी टॅब्लेट घेऊन येतो. 'कुटुंब' म्हणजे काय, हेही ठरलेलं असतं. रक्ताच्या नात्यापेक्षा एका चुलीवर कोण जेवतं याला महत्त्व. मग घरातल्या प्रत्येकाबद्दल विचारलं जातं. वय, शिक्षण, गेल्या सात दिवसांत काय केलं, गेल्या वर्षभरात बहुतेक काळ काय केलं, काम कसलं, करार आहे का, कमाई किती.

मिळालेल्या उत्तराला एक कोड दिला जातो. स्वतःचा धंदा किंवा शेती असेल तर ११. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत असेल तर २१. नियमित पगार ३१. विद्यार्थी ९१. फक्त घरकाम ९२. सरकारच्या लेखी आपलं सगळं रोजचं जगणं या दोन अंकांमध्ये बसतं. पुढे देशाचा आकडा बनतो तो याच अंकांची बेरीज करून.

एक मर्यादाही इथेच आहे. बऱ्याचदा घरातला एकच माणूस सगळ्यांच्या वतीने उत्तरं देतो. सुनेबद्दल सासरे सांगतात, 'ती घरीच असते.' ती सकाळी दोन तास गोठ्यात आणि दुपारी कांद्याच्या खुरपणीला असते हे त्यांना 'काम' वाटतच नाही. कर्मचाऱ्याने खोदून विचारलं तर कोड २१ पडतो, नाही विचारलं तर ९२.

एक तास, सात दिवस की ३६५ दिवस?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पीएलएफएसमध्ये बेरोजगारी मोजण्याच्या दोन पट्ट्या आहेत आणि दोन्हींनी वेगळा आकडा येतो.

पहिली पट्टी 'नेहमीची स्थिती'. यात गेल्या ३६५ दिवसांचा विचार होतो. वर्षातला जास्त काळ तुम्ही काय करत होता, त्यावरून मुख्य स्थिती ठरते. शिवाय एक सवलत आहे. मुख्य स्थिती काहीही असली तरी वर्षात ३० दिवस किंवा जास्त काम केलं असेल, तर तुम्ही 'दुय्यम काम' करणारे म्हणून काम करणाऱ्यांत मोजले जाता. वर उल्लेख केलेला ३.२ टक्के हा दर याच पट्टीचा.

दुसरी पट्टी 'चालू साप्ताहिक स्थिती'. यात फक्त गेल्या सात दिवसांबद्दल विचारतात. त्या आठवड्यात एका दिवशी किमान एक तास काम केलं असेल तर तुम्ही काम करणारे. एक तासही काम नाही, पण कामाच्या शोधात होता किंवा तयार होता, तर बेरोजगार. २०२३-२४ मध्ये या पट्टीने बेरोजगारी दर ४.९ टक्के आला. तेच वर्ष, तेच सर्वेक्षण, पण ३.२ ऐवजी ४.९.

'आठवड्यात एक तास काम म्हणजे रोजगार? ही तर चेष्टा आहे!' असं वाटणं साहजिक आहे. पण हा नियम भारताने एकट्याने काढलेला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ च्या परिषदेत ठरलेला हा निकष जगभर वापरला जातो. त्यामागचा विचार असा की देशाच्या उत्पादनात ज्या ज्या श्रमाचा वाटा आहे, तो सगळा मोजला जावा, अगदी थोडा असला तरी. म्हणजे हा निकष 'कुणाकडे अजिबातच काम नाही' हे शोधण्यासाठी आहे. 'कुणाचं घर चालतं' हे त्यातून कळत नाही. आपण मात्र त्याच्याकडून नेमकी तीच अपेक्षा करतो.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार जोडप्याचं उदाहरण घ्या. दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचं, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायचं. पुढचे काही महिने गावात मिळेल ते काम. समजा जून महिन्यात त्यांच्या घरी सर्वेक्षण झालं आणि त्या आठवड्यात दोघांनाही काम मिळालेलं नाही. साप्ताहिक पट्टीने दोघं बेरोजगार. वार्षिक पट्टीने मात्र दोघं काम करणारे, कारण वर्षात ३० दिवसांपेक्षा कितीतरी जास्त काम झालेलं आहे. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर. पण 'आत्ता चूल पेटते का' हे कळायला साप्ताहिक पट्टी जास्त जवळची.

लॉकडाऊनमधला धडा

या दोन पट्ट्यांमधला फरक सगळ्यात ठळक दिसला तो कोविडच्या वर्षात.

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत शहरांमधला बेरोजगारी दर साप्ताहिक पट्टीने २०.८ टक्के होता. म्हणजे शहरात काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या दर पाच जणांपैकी एकाला काम नव्हतं. ठाणे-मुंबईहून पायी निघालेल्या माणसांचे व्हिडिओ आठवत असतील, तर हा आकडा पटायला जड जात नाही.

हीच तिमाही ज्या वर्षात येते, त्या जुलै २०१९ ते जून २०२० या वर्षाचा देशाचा दर 'नेहमीच्या स्थिती'ने किती आला? ४.८ टक्के. आदल्या वर्षी तो ५.८ होता. म्हणजे लॉकडाऊनच्या वर्षात बेरोजगारी चक्क कमी झाली!

कारण वर्षाची पट्टी लांब असते. मार्चपर्यंत नऊ महिने ज्याने काम केलं, तो पुढचे तीन महिने घरी बसला तरी वर्षाच्या हिशेबात काम करणाराच राहतो. शिवाय गावी परतलेले अनेक जण घरच्या शेतात हात लावू लागले आणि तेही काम करणारे ठरले. २०१८-१९ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ४२.५ टक्के लोक शेतीत होते, २०१९-२० मध्ये हे प्रमाण ४५.६ टक्के झालं. कारखान्यातली नोकरी जाऊन भावाच्या दोन एकरात तिसरा माणूस वाढला, तरी हिशेबात एक काम गेलं आणि एक आलं.

मग दर कमी असणं ही चांगली बातमी नाही का?

असू शकते. पण तेवढ्यावरून सांगता येत नाही.

राज्यांचे आकडे बघा. २०२३-२४ मध्ये गोव्यात बेरोजगारी ८.५ टक्के होती, केरळमध्ये ७.२, महाराष्ट्रात ३.३ आणि मध्य प्रदेशात फक्त १ टक्का. यावरून पणजीतल्या मुलाने कामासाठी मध्य प्रदेशात जावं, असा निष्कर्ष कुणी काढणार नाही. दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वरच्या रांगेत आहे. (गोव्यासारख्या छोट्या राज्यात नमुना लहान असतो, त्यामुळे तिथला दर एका वर्षात जास्त वरखाली होऊ शकतो, हेही लक्षात ठेवायला हवं.)

याचं कारण अर्थतज्ज्ञ खूप पूर्वीपासून सांगत आलेत. बेरोजगार राहणं गरिबाला परवडत नाही. घरात कुणाची पेन्शन असेल, वडिलांची कमाई असेल, तर मुलगी मनासारखी नोकरी मिळेपर्यंत वर्षभर थांबू शकते. ज्याच्या घरी संध्याकाळच्या पिठाची सोय नाही, तो मिळेल ते काम मिळेल त्या मजुरीवर करतो आणि आकडेवारीत 'काम करणारा' होतो.

सुरुवातीचा २९ टक्क्यांचा आकडा इथे अर्थपूर्ण ठरतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातल्या रोजगारावर अहवाल काढला. त्यानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधला बेरोजगारी दर २९.१ टक्के होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये तो होता ३.४ टक्के. शिक्षण जास्त तितकी बेरोजगारी जास्त! याचा अर्थ शिक्षण वाईट असा नाही. शिकलेल्या मुलांच्या अपेक्षेला साजेशी कामं पुरेशी नाहीत आणि ती मुलं काही काळ थांबू शकतात, असा आहे.

पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलीचं काय? तिचं उत्तर काय येतं यावर ते ठरतं. 'काम मिळालं तर लगेच करीन' म्हणाली तर ती बेरोजगार. 'नाही, सध्या फक्त अभ्यास' म्हणाली तर ती श्रमशक्तीच्या बाहेर आणि बेरोजगारीच्या दरातूनही बाहेर. पाच वर्षं परीक्षा देणारी मुलं ज्या राज्यात हजारोंनी आहेत, तिथे हा बारीक फरक छोटा नाही.

महिलांचा आकडा एवढा वाढला कसा?

पीएलएफएसमधला सगळ्यात मोठा बदल महिलांच्या बाबतीत दिसतो. २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरच्या दर १०० महिलांपैकी २३.३ श्रमशक्तीत होत्या. २०२३-२४ मध्ये ४१.७. सहा वर्षांत इतकी उडी असाधारण आहे. ग्रामीण भागात तर हे प्रमाण २४.६ वरून ४७.६ वर गेलं.

बातमी आनंदाची आहे का? आकड्याच्या आत डोकावलं की चित्र संमिश्र दिसतं. २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या दर १०० महिलांपैकी सुमारे ६७ 'स्वयंरोजगारा'त होत्या. आणि त्यातल्या सुमारे ३७ जणी घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस होत्या. म्हणजे काम आहे, हातात पैसा नाही.

यातली किती वाढ खरोखर नव्या कामाची, किती घरची ओढाताण वाढल्यामुळे आणि किती आधी न मोजलेलं काम आता मोजलं गेल्यामुळे, यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या परिषदेने व्याख्या बदलली. पैसा किंवा नफा यासाठी केलेलं काम म्हणजे 'रोजगार', आणि घरच्या वापरासाठी धान्य पिकवणं हे 'काम' असलं तरी 'रोजगार' नाही, असा फरक केला. भारतात घरी खाण्यापुरती केलेली शेतीही अजून रोजगारात धरली जाते.

उलट बाजूलाही एक रेघ ओढलेली आहे. घरच्या शेतात भात लावला तर ते काम. तोच भात शिजवून दहा माणसांना वाढला, तर ते घरकाम, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. स्वयंपाक, मुलं आणि म्हाताऱ्या माणसांची देखभाल यात दिवस घालवणारी बाई आकडेवारीच्या भाषेत 'काम करत नाही'. तीच बाई दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला गेली की काम करणारी होते.

या मोजणीचा इतिहास, आणि राजकारण

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० मध्ये सुरू झालं, त्यामागे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस होते. पण पाश्चात्त्य देशांतली 'नोकरी आहे की नाही' ही साधी विभागणी शेतीप्रधान देशात चालेना. इथे माणूस सकाळी शेतकरी, दुपारी मजूर आणि पावसाने दडी मारली की रिकामा असतो. हा तिढा सोडवायला सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला. १९७० मध्ये आलेल्या या समितीच्या अहवालानंतर १९७२-७३ पासून वर्ष, आठवडा आणि दिवस अशा वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजणी सुरू झाली. आजच्या दोन पट्ट्या तिथूनच आल्या आहेत. एका आकड्यात भारतातली बेरोजगारी मावत नाही, हे तेव्हाच मान्य झालं होतं.

त्यानंतर साधारण दर पाच वर्षांनी मोठं सर्वेक्षण व्हायचं. शेवटचं २०११-१२ चं. मग थेट पीएलएफएस. त्याचा पहिला वार्षिक अहवाल २०१७-१८ चा होता आणि त्यावरून मोठं वादळ उठलं.

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे प्रभारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. आयोगाने मंजूर करूनही अहवाल प्रसिद्ध होत नाही, हे त्यामागचं एक कारण होतं. त्याच आठवड्यात 'बिझनेस स्टँडर्ड' या दैनिकाने अहवालातला आकडा छापला. बेरोजगारी ६.१ टक्के, ४५ वर्षांतली सर्वाधिक. लोकसभा निवडणूक तोंडावर होती. सरकारने अहवाल अंतिम नसल्याचं सांगितलं. निकाल लागले, नव्या सरकारचा शपथविधी झाला आणि दुसऱ्या दिवशी, ३१ मे २०१९ रोजी, अहवाल अधिकृतपणे आला. आकडा तोच होता, ६.१ टक्के. नव्या सर्वेक्षणाची पद्धत वेगळी असल्याने जुन्या आकड्यांशी थेट तुलना करू नये, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. २०११-१२ चा दर २.२ टक्के होता.

या प्रसंगातून कळणारी गोष्ट महत्त्वाची आहे. आकडा कसा मोजला इतकंच तो कधी जाहीर झाला हेही महत्त्वाचं असतं. मत देऊन झाल्यावर मिळालेल्या माहितीचा मतदाराला उपयोग काय?

खासगी संस्थेचा आकडा वेगळा का येतो?

मुंबईतली सीएमआयई ही खासगी संस्था स्वतःचं कुटुंब सर्वेक्षण करते. तिचा बेरोजगारी दर बहुतेक वेळा सरकारी दरापेक्षा जास्त असतो. याचंही मुख्य कारण व्याख्या. सीएमआयई वर्ष किंवा आठवडा न बघता मुलाखतीच्या आसपासच्या दिवसाची स्थिती विचारते. खिडकी जितकी लहान, तितकी 'काम नाही' असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. या सर्वेक्षणावरही टीका झाली आहे. त्यात अतिगरीब कुटुंबं कमी येतात, असं अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमांची यांनी २०२१ मध्ये मांडलं. म्हणजे सरकारी ते खोटं आणि खासगी ते खरं, किंवा याच्या उलट, असं सरसकट म्हणता येत नाही.

२०२५ पासून काय बदललं?

जानेवारी २०२५ पासून तीन मोठे बदल झाले. पूर्वी वर्षात १,०२,४०० च्या आसपास कुटुंबं असायची, आता ती अडीच पटींहून जास्त झाली. पूर्वी तिमाही आकडे फक्त शहरांचे यायचे, आता ग्रामीण भागाचेही येतात. आणि पहिल्यांदाच दर महिन्याला देशाचा बेरोजगारी दर मिळू लागला. निवडलेल्या कुटुंबाकडे आता सलग चार महिने जाऊन विचारपूस होते.

पहिला मासिक आकडा १५ मे २०२५ रोजी आला. एप्रिल महिन्याचा दर ५.१ टक्के. लगेच पोस्ट फिरल्या, 'बेरोजगारी ३.२ वरून ५.१ वर!' ही तुलना चुकीची होती. ३.२ हा ३६५ दिवसांच्या पट्टीचा आकडा, ५.१ हा सात दिवसांच्या पट्टीचा. मे महिन्यात मासिक दर ५.६ टक्के झाला. ही तुलना एप्रिलशी करता येते, कारण पट्टी एकच आहे. पण तिथेही भान हवं. मे महिन्यात रब्बीची कामं संपलेली असतात, खरीप सुरू व्हायचा असतो आणि ऊन मी म्हणत असतं. हे हंगामी चढउतार मासिक आकड्यातून काढून टाकलेले नसतात. म्हणून मे ची खरी तुलना पुढच्या वर्षीच्या मे शी.

एक जुनी अडचण बराच काळ सोबत राहिली आहे. गावं निवडण्यासाठी आधार २०११ च्या जनगणनेचाच घ्यावा लागला, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर दीड दशकापूर्वीच्या यादीतून आजचा देश शोधायचा आहे.

पुढच्या वेळी ग्राफिक दिसलं की काय बघायचं?

शेअरचं बटण दाबण्याआधी पाच प्रश्न विचारा.

१. पट्टी कुठली? वर्षाची की आठवड्याची? वेगवेगळ्या पट्ट्यांचे आकडे एकमेकांशी जोडले असतील तर ते ग्राफिक तिथेच बाद.

२. कुणाचा दर? सगळ्या प्रौढांचा, १५ ते २९ वयाच्या तरुणांचा, पदवीधरांचा की फक्त शहरांचा? २०२३-२४ मध्ये सगळ्यांचा दर ३.२ टक्के होता, तर १५ ते २९ वयोगटाचा १०.२ टक्के.

३. शेजारी श्रमशक्ती सहभाग दर दिलाय का? बेरोजगारी घटली आणि सहभागही घटला, तर लोकांना काम मिळालेलं नसून त्यांनी शोधणं सोडलं असण्याची शक्यता आहे.

४. काम कसलं? २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात होते, नियमित पगारावर फक्त २१.७ टक्के. शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांपैकीही सुमारे ५८ टक्क्यांकडे लेखी करार नव्हता.

५. तुलना कुठल्या काळाशी? मे ची एप्रिलशी, की मे ची मे शी?

हे पाचही आकडे पीएलएफएसच्या अहवालात फुकट, सगळ्यांसाठी उपलब्ध असतात. बातमीच्या मथळ्यात त्यातला एकच येतो, आणि कुठला यायचा ते मथळा लिहिणारा ठरवतो.

बेरोजगारीचा दर एका छोट्या प्रश्नाचं उत्तर देतो. काम शोधणाऱ्यांपैकी किती जणांना थोडंही काम मिळालं नाही? आपल्याला पडलेला प्रश्न त्याहून मोठा असतो. काम मिळतं का, त्यात पोट भरतं का, शिकलो त्याचा उपयोग होतो का? या मोठ्या प्रश्नाचं उत्तरही याच सर्वेक्षणात बऱ्याच अंशी सापडतं, पण त्यासाठी पहिल्या आकड्यावर न थांबता पुढची दोन-चार पानं उलटावी लागतात. आणि कधी तुमच्याच दारात टॅब्लेट घेऊन कुणी आलं, तर घरातल्या बाईच्या कामाबद्दल उत्तर तिलाच देऊ द्या. देशाचा आकडा तेवढाच जास्त खरा होईल.